ओट्यावरची पाचवी जागा

आमच्या गावात ओट्यावरून माणूस 'येतो' म्हणून उठला, की तो परत येईपर्यंत त्याची जागा त्याच्याच नावावर राहते. पहार मारली तरी तिथली फरशी हलत नाही.

मी भुसार मालाचा व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. यंदा माझ्या बायकोनं, महादेवीनं मनावर घेतलं, की जुना ओटा काढून लाकडी फळ्यांची ऐसपैस बैठक करायची, वर मांडव आणि कडेला झोपाळा. मी म्हटलं, होऊन जाऊ दे.

हणमंता गवंड्यानं ओटा ठोकून पाहिला. "मालक, पाच माणसं बसलेली आहेत."

जागा मोकळी करायची रीत सरळ आहे. त्या माणसानं येऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि 'जातो' म्हणून उठायचं. असलं अभद्र कुणाच्या तोंडून सहसा निघत नाही, म्हणून नगरपरिषदेचा कारकून साक्षीला बसतो. विमा एजंट दोन कप प्याला आणि उठला. डाळीच्या दलालाला घाम फुटला, पण म्हणाला. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून म्हटलं. चौथे वारलेले, त्यांचा मुलगा वारस दाखला घेऊन आला.

पाचवी जागा धाकट्या भावाची. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून आमचं वाजलं होतं. अर्धा चहा तसाच ठेवून शिवशरण 'येतो अण्णा' म्हणाला, तो थेट बेळगावला. त्याला एकोणीस वर्षं झाली.

मी फोन लावला. "ओटा काढतोय. एकदा येऊन 'जातो' म्हण, म्हणजे काम सुरू होईल."

तिकडून शिवशरणनं विचारलं, "मी काय म्हणून उठलो होतो?"

"येतो म्हणून."

"मग? यायचंय मला."

"कधी?"

"ते नाही ठरलं. लिंबाची सावली आहे ना अजून?"

"लिंब पडला. तीननंतर ऊन तोंडावर येतं."

"मग अवघड आहे," म्हणाला, आणि फोन ठेवला.

एकदा एक गिऱ्हाईक दुकानात पिशवी विसरून गेलं होतं. ती मी खुंटीवरून काढली नाही. दोन वर्षांनी तो आला, पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "जोखा गूळ." आजही त्याचं घर आमच्याकडूनच माल नेतं.

हणमंता दोरी धरून उभा होता. "एवढी फरशी ठेवून भोवतीनं फळ्या मारतो. पण मांडवाचा खांब कुठं घेऊ?"

"तीननंतर त्या फरशीवर सावली पडेल, असा."

"म्हणजे झोपाळा उन्हात येणार," महादेवी म्हणाली.

"येऊ दे."

ती फरशीकडे पाहत राहिली. मग आत जाता जाता तिनं विचारलं, "भावजी साखर कमीच घेतात ना?"

"कमीच," मी म्हणालो.

हणमंतानं खांब दोन फूट पश्चिमेला सरकवला.