दिगंबर भावजींचं तांबडं रान

माझ्या मुलासाठी आमच्या भावजींनी पहिलं खेळणं आणलं, तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. ठरलेलंही नव्हतं. मी संकेश्वरात वडिलांच्या घरी शिवण शिकत होते, आणि इकडे बेळगावात खडेबाजारातल्या एका दुकानात दिगंबर भावजी 'पुतण्याला पाहिजे' म्हणून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा बांधून घेत होते. एकात एक घट्ट बसणारे, डोक्यावर बुटकी बटणं असलेले ते ठोकळे. ज्या पुतण्यासाठी ते घेतले, त्याच्या बापाला अजून एकही मुलगी सांगून आलेली नव्हती.

पुढं मी त्यांच्या थोरल्या भावाची बायको म्हणून बेळगावच्या शहापूर भागातल्या घरात आले. मला मंजू झाली, मंजूनंतर काही झालं नाही. पण दुकानातला पुतण्या वाढतच होता. दुकानदार मोठा चौकस. तो दरवेळी "पुतण्या केवढा झाला?" म्हणून विचारायचा आणि भावजी दरवेळी त्याचं वय वाढवून सांगायचे. एकदा मी मंजूला घेऊन त्या दुकानात गेले, तर त्यानं हात जोडून विचारलं, "वैनी, थोरला यंदा दहावीला, एसेसेल्सीला बसला म्हणं? गणित जड जातंय म्हणत होते त्याचे काका." मला दरदरून घाम फुटला. नाही म्हणावं तर दिराची अब्रू जाते, हो म्हणावं तर नसलेलं पोर पदरात पडतं. शेवटी म्हटलं, "शिकवणी लावलीय."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर ठोकळे आपल्याला स्वतःला हवेत हे सांगायची लाज वाटते म्हणून.

लाज हा भावजींचा स्थायीभाव. आईबापांनी नाव ठेवलं होतं दिगंबर. बारशाला काय कल्पना असणार! हा माणूस बनियन वाळत घालायचा तेसुद्धा टॉवेलच्या खाली. अंगणात माणूस आलं की आधी सदरा, मग दार. कचेरीत कन्नड, घरात मराठी असा आमच्याकडच्या सगळ्यांचाच कारभार, पण भावजींनी त्यातून एक सोय काढली होती. कन्नडात लाजेला नाचिकी म्हणतात. आपल्याला लाज वाटते हे मराठीत सांगायचीही त्यांना लाज वाटायची, म्हणून काही झालं की मान खाली घालून "नाचिकी, नाचिकी" एवढंच पुटपुटायचे.

एकदा भावजी माझ्या माहेरच्या कार्याला निघाले. साखर कारखान्याच्या फाट्यावर उतरायचं होतं. पण भरल्या एस्टीत कंडक्टरला हाक मारायची कशी? फाटा गेला, संकेश्वर गेलं, आणि भावजी निपाणीला जाऊन उतरले. तिथून परत आले तोवर पंगती उठल्या होत्या. आईनं विचारलं, "जेवलासा न्हवं?" तर म्हणाले, "व्हय व्हय, लई झालं." घरी आल्यावर त्यांनी सहा भाकऱ्या खाल्ल्या. लोकांची लाजही ह्यांनाच. नाटकात एक नट वाक्य विसरला, तर भावजी उठून बाहेर जाऊन उभे राहिले. जसं काही ह्यांनीच पाठांतर केलं नव्हतं.

आता ठोकळ्यांचं. मी नवी सून असताना माडीवरची भावजींची खोली कायम बंद असायची आणि आतून कुटकुट आवाज यायचा. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "दिगू खात्याच्या परीक्षंचा अभ्यास करतोय." मला कौतुक वाटायचं. एक दिवस चहा घेऊन न विचारता वर गेले. भावजींनी झटक्यात अंगावरची चादर काढून जमिनीवर टाकली आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. चादरीखाली डोंगर झाला होता. मी चहा ठेवला आणि चादर उचलली.

खाली लाकडी फळीवर रान होतं. तांबडं रान. तांबडी खोडं, तांबड्या फांद्या, मधूनच पिवळे वेल, निळी जमीन. आणि प्रत्येक झाडाला एक डोळा. पांढऱ्या ठोकळ्यावर शाईचा ठिपका.

"हे काय हो भावजी?"

"रान," भिंतीला सांगावं तसं ते म्हणाले. "पर हितलं न्हाय. दुसऱ्या ग्रहावरचं."

वाचनालयातली विज्ञानाची मासिकं वाचून त्यांच्या डोक्यात हे शिरलं असणार असं मला वाटलं. खरं कारण वेगळंच निघालं. "डब्यात हिरवे ठोकळे दोनच येत्यात वैनी. तांबडे लई. हिरव्याबिगर रान केलं तर लोक हसतील. मग म्हटलं, दुसरा ग्रह घ्यावा. तिथं दोन सूर्य हाईत, त्यामुळं पानं तांबडी. कोण बघायला गेलंय?"

"आणि डोळे कशाला?"

"तिथं माणसं न्हाईत, जनावरं न्हाईत. मग बघायचं काम कुणी तरी कराय पायजे का नको?"

बत्तीस वर्षांचा, सरकारी नोकरीतला बाप्या. मला हसू आलं आणि लगेच मी दार लोटून घेतलं. उद्या हे माझ्या माहेरी कळलं तर? लेकीचा दीर माडीवर खेळण्यांशी खेळतो! मी चादर पुन्हा नीट पांघरली आणि खाली येऊन सासूबाईंना सांगितलं, "अभ्यास जोरात चाललाय." त्या माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्या घरात सगळेच भावजींच्या लाजेला चादर घालत होते, मीही त्यांत जाऊन बसले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मीच त्यांचं लग्न जमवायला निघाले. माझी मामेबहीण शैला, संकेश्वरातच प्राथमिक शाळेत शिकवायची. हुशार, थट्टेखोर, मनानं चांगली. मला वाटलं, ही ह्यांना बोलतं करील. मी मामांना शब्द दिला, "मुलगा सोन्यासारखा हाय." बघण्याच्या दिवशी मामांच्या सोप्यात अर्धी गल्ली लोटली होती. जावई बघायला म्हणून शेजारणी पोरं कडेवर घेऊन दारात उभ्या. भावजी चटईवर बसलेले, उजवा हात सदऱ्याच्या खिशात. खिशात काय आहे ते मला ठाऊक होतं. एक ठोकळा. तो त्यांनी मुठीत घट्ट धरलेला होता.

मामा म्हणाले, "काय विचारायचं आसंल तर विचारा." पोहे निवले. शेवटी शैलानंच मान वर केली आणि चांगलं हसून विचारलं, "तुमाला कशाची आवड हाय?"

एवढा सोपा प्रश्न! मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, सांगून टाका, ती हसणार नाही. भावजींनी वर बघितलं. समोर ती नव्हती, खोलीभर डोळे होते. त्यांचे कान लाल झाले, मग मानही लाल झाली.

"कशाची न्हाय," ते म्हणाले.

दारातल्या बायका फिस्सकन हसल्या. मामा नंतर मला म्हणाले, "अगं, चहाची तरी सांगायची! ज्याला कशाचीच आवड न्हाय त्याला पोरगी देऊन काय करू?" त्यांचं काय चुकलं? मला तर माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शैला मात्र स्वयंपाकघरात येऊन वेगळंच बोलली. "माणूस वाईट न्हाय गं आक्का. पर मी पसंत नसंन तर तसं सांगायचं. असं 'कशाची न्हाय' म्हणून तोडायचं कशाला?" मी खरं सांगायचं सोडून बशा विसळायला घेतल्या. ठोकळ्यांचं कोणत्या तोंडानं सांगू?

परतीच्या एस्टीत भावजी खिडकीकडं तोंड करून बसले होते. बेळगाव येईस्तोवर एकदाच बोलले. "नाचिकी."

त्यानंतर रान बदललं. मी केर काढायला वर जायची तेव्हा बघायची. आधी झाडं दाटीवाटीनं उभी असत आणि त्यांचे डोळे कुठंही वळलेले. आता मध्ये मोकळी जागा झाली होती. तिथं दोन पाट मांडले होते, एकासमोर एक. दोन हिरवे ठोकळे. आणि भोवतीच्या सगळ्या झाडांचे डोळे बाहेर वळवलेले. आतल्या पाटांकडं एकही झाड बघत नव्हतं. मी काही विचारलं नाही. हातानं हळूच धूळ पुसली.

शैलाचं पुढं निपाणीत लग्न झालं. नवरा तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस, बडबड्या आणि मोकळा माणूस. भावजींसाठी आणखी मुली बघायचा विषय निघाला की ते माडीवर जाऊन दार लावून घेत. हळूहळू विषय निघायचा बंद झाला.

आमच्या बेळगावात दिवाळी म्हणजे किल्ले. गल्लीत प्रत्येक दारापुढं मातीचा रायगड नाहीतर प्रतापगड, वर महाराज, बुरुजांवर मावळे, उतारावर उगवलेली मोहरी. लोक घरोघर बघत हिंडतात. आमच्या अंगणात कधी किल्ला नसायचा, घरात मुलगा नाही म्हणून. मंजू पाच-सहा वर्षांची झाली आणि त्या दिवाळीला अडून बसली. "आपलाच किल्ला का न्हाय?" म्हणून अभ्यंगाच्या पाटावरच भोकाड पसरलं. मंजूच्या बाबांनी समजावलं, सासूबाईंनी चिरोटा दिला, मी धपाटा दिला. रडं थांबेना.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भावजी फळी दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी चाचपत खाली येत होते. चादर नव्हती. त्यांनी अंगणात फळी ठेवली, चार पणत्या लावल्या आणि पळत आत येऊन दाराआड उभे राहिले.

मंजू गप्प झाली, पण गल्ली सुरू झाली. "किल्ला कुठाय?" "महाराज कुठं बसलेत?" एक आजोबा काठी टेकून खाली वाकले. "आवं, ह्या तर संकेश्वरी मिरच्या वाळत टाकल्यात!" सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "केलंय कुणी हे भुताचं रान?" असं कुणीतरी विचारलं, तशी दाराआडून भावजीच ओरडले, "मंजूनं! बारकी हाय ती!"

"न्हाय, काकांनी..." मंजू म्हणू लागली, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

नेमक्या त्या घडीला फराळाचा डबा घेऊन शैला आणि तिचा नवरा दारात आले. निपाणीहून पहिल्या गाडीनं निघाले होते. शैला चपला काढायच्या आधीच फळीपाशी उकिडवी बसली. ती हसली नाही. शाळेत पोरांच्या वह्या बघावं तसं एकेक झाड बघत गेली. सगळीकडून बघून झाल्यावर तिनं विचारलं, "कुणी केलंय?"

दार उघडलं. भावजी बाहेर आले. ओले केस, कमरेला टॉवेल, अंगात नुसतं बनियन. चारचौघांत बनियनवर मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"मी," ते म्हणाले. "मी केलंय. मला ह्याची आवड हाय."

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शैलानं मान वर केली. तिला उमगायला जरा वेळ लागला. मग तिनं माझ्याकडं बघितलं, पुन्हा त्यांच्याकडं बघितलं.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "मग त्या दिवशी सांगायचं की हो."

"कुठल्या दिवशी?" तिच्या नवऱ्यानं विचारलं. उत्तराची वाट न बघता तोही वाकून रान बघू लागला, आणि त्याचं बोट नेमकं मधल्या जागेवर गेलं. "झकास केलंय की! आन् हे दोन पाट कुणासाठी म्हणायचे?"

"मोकळेच हाईत," भावजी म्हणाले.

मी चकलीचं ताट आणून सगळ्यांच्या पुढं धरलं. शैलानं एक चकली घेतली आणि ती तशीच हातात धरून बसली.

आता भावजी त्या दिवसापासून बदलले असं कुणी समजू नये. पुढच्याच महिन्यात खडेबाजारात ते पुतण्याला कॉलेजात घालून आले. बनियन अजून टॉवेलखालीच वाळतं.

दिवाळीचं आवरून झाल्यावर मी माडीवर केर काढायला गेले. फळी जागेवर होती. तांबडी झाडं पूर्वीसारखीच बाहेर बघत उभी होती. मधल्या जागेत आता एकच पाट होता. दुसरा डब्यात जाऊन पडला होता. पण त्या उरलेल्या पाटाजवळचं एक झाड भावजींनी उपटून पुन्हा लावलं होतं, आणि त्याचा डोळा आत वळवला होता.

मी केरसुणी घेऊन तशीच खाली आले. तो केर दुसऱ्या दिवशी काढला.