चुलीशेजारची भिंत

संक्रांत, १९४१. आखाडा बाळापूर, आमची ओसरी. हळदीकुंकवाला हजर: शेजारच्या मामी, शिंप्याची कमळ, सरू मास्तरीण आणि मी. शिवाय, कोणी बोलावलेले नसताना, हातात कात्री घेऊन भानुदासभाऊ.

भानुदासभाऊ आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे, गावातले एकुलते फोटोवाले.

"वैनी, आज समद्या काळ्या लुगड्यात हायेत. पदराची चिंधी चिंधी द्या. तपासायचीय."

"काहून? लुगडं चोरीचं हाय का आमचं?" मामी म्हणाल्या.

"चोरीचं न्हाई. पन खरंच काळं हाय का, ते बघतो."

"भर सणाला पदर कापतो व्हय रे? बस खाली. तीळगूळ खा, गोड बोल."

हे वेड हैदराबादेहून आलेल्या काचांच्या डब्याने लावले. कॅमेऱ्यात घालायच्या इन्फ्रारेड काचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी फोटो उतरवणाऱ्या. दिव्यापुढे काळी काच धरायची, खोलीत मिट्ट अंधार, तरी फोटो उतरतो. मात्र चेहरा दुधासारखा येतो, म्हणून मागे काळेभोर काहीतरी हवे. आणि गंमत अशी की डोळ्यांना काळे दिसणारे कापड त्या फोटोत पांढरे निघते. वकिलाचा कोट पांढरा निघाला, छत्री निघाली, मखमल तर पिठासारखी. भाऊ प्रत्येक वेळी एकच शेरा मारत, "बनावट काळं."

गाव हसायचे. मला कारण ठाऊक होते. त्यांच्या बायकोचे, गयाक्काचे डोळे देवी आल्यापासून उजेड सोसत नसत. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीला डोके टेकून ती बसे. फोटोवाल्याच्या बायकोचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नव्हता. डब्यात दोनच काचा उरल्या होत्या, आणि लढाईमुळे नव्या मिळत नव्हत्या.

मी माझी चंद्रकळा दिली. न कापता परत करायची, या अटीवर. भाऊंनी ती आपल्या स्वयंपाकघरातच टांगून पाहिली. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आले.

"वैनी, तुमची बी बनावट. पन हिच्या मागं बघा."

चंद्रकळा धोतरासारखी पांढरी. तिच्या काठापलीकडे भिंत, विहिरीसारखी काळी. चुलीची काजळी होती ती.

शेवटच्या काचेला गयाक्का तिच्या त्याच जागी बसली. मी दार घट्ट धरून उभी. काही म्हणजे काही दिसत नव्हते.

"हलू नको गं."

"मी कुटं हलते? तुमीच खोकून राहिले."

"डोळे उघड आता."

"कवाचे उघडेच हायेत. तुमाला दिसंना व्हय?"

अंधारात कॅमेऱ्याची कळ वाजली.

फोटो बरोबर आला. डोळे मोठे होते तिचे.

गयाक्का आता नाही. दर दिवाळीला मी माझ्या घराबरोबर भाऊंचेही घर रंगवून घेते. यंदा सगळे झाले, ती एक भिंत सोडून. तिथे भाऊ आडवे आले.

"ऱ्हाऊ द्या वैनी."

काजळीत एक फिकट गोल आहे, तेलाने चकाकणारा, डोक्याएवढा. त्यावर धूर बसू नये म्हणून भाऊंनी चूल अंगणात नेली आहे.

भिजवलेला चुना बादलीत तसाच पडून आहे.