यंत्र, चालकासह

शहराच्या वस्तुसंग्रहालयाच्या नियामक मंडळात एक जागा रिकामी झाली आणि ती चष्मेवाल्यांना मिळाली. त्यांचं बाजारपेठेत चष्म्यांचं दुकान होतं, अध्यक्षांचा नंबर तेच काढून देत, आणि आधीच्या सभेत अध्यक्षांनी मागच्या वर्षीचा ठराव या वर्षीचा समजून मंजूर करून टाकला होता. मंडळात एक तरी नजरेच्या धंद्यातला माणूस असावा, असं त्यानंतर सर्वानुमते ठरलं.

मंडळाचं काम काय, हे चष्मेवाल्यांना पहिल्याच सभेत कळलं. संग्रहालय चालवायचे ते संग्रहपाल. ते नीट चालवतात की नाही हे मंडळ पाही. आणि मंडळ नीट पाहतं की नाही हे पाहायला मंडळातल्याच तिघांची उपसमिती होती. या तिघांना चहा वेगळ्या कपांतून येई.

त्या वर्षी पंचवार्षिक आराखडा संपत आला होता. त्यात एक नवं दालन कबूल केलं होतं. खोली होती, दिवे होते, दारावर 'कालचं घर' अशी पितळी पाटी होती. आत ठेवायला मात्र काही नव्हतं, कारण वस्तुखरेदीची सगळी तरतूद पाटीत गेली होती. तेव्हा अध्यक्षांनी सुचवलं की प्रत्येक सदस्याने घरची एकेक जुनी वस्तू द्यावी. त्यांनी स्वतः आजोबांची काठी दिली. आजोबा अखेरपर्यंत ताठ चालत, काठी कुत्र्यासाठी असे. पण तपशिलात न शिरणं हे मंडळाचं जुनं धोरण होतं. वकीलबाईंनी सासऱ्यांचं किल्लीचं घड्याळ दिलं. मग सगळ्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

चष्मेवाल्यांच्या घरात जुनं काही उरलंच नव्हतं. गेल्याच वर्षी बायकोने घर नवं करून घेतलं होतं आणि पडद्यांपेक्षा जुनं जे जे होतं ते भंगारात गेलं होतं. त्यातून दोनच गोष्टी वाचल्या होत्या: आई आणि आईची पायमशीन. आई सध्या महिनाभर मुलीकडे राहायला गेली होती.

"हल्ली ती शिवते कुठे फारसं," चष्मेवाले बायकोला म्हणाले. हे त्यांचं प्रामाणिक मत होतं. मशीन सुरू झाली की ते आपल्या खोलीचं दार लावून घेत, त्यामुळे त्यांना ऐकू येत नसे.

"आईंना विचारलंत?"

"आली की सांगू. तिला अभिमानच वाटेल."

"मी यात नाही," बायको म्हणाली आणि टेम्पोवाल्याला चहा करून द्यायला आत गेली.

दालनाचं उद्घाटन थाटात झालं. चष्मेवाल्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. "माझी आई या मशीनवर आम्हा भावंडांचे कपडे शिवत असे," एवढं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला आणि ते थांबले. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. सभागृह माना खाली घालून स्तब्ध उभं राहिलं. चष्मेवाल्यांना खुलासा करायचा होता, पण शांतता मोडणं बरं दिसलं नसतं. शांतता संपली तोवर लोक चहाकडे वळले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. खाली लिहिलं होतं: 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ.'

आई परतली, पिशवी ठेवून थेट आपल्या खोलीत गेली आणि बाहेर आली.

"माझी मशीन कुठंय?"

"सर्व्हिसिंगला दिलीय."

"तिला काय झालं होतं?"

चष्मेवाले काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरची शेजारीण गावाहून आल्या आल्या भेटायला आली होती. चेहरा उतरलेला, हातात पांढरी फुलं. दार आईनेच उघडलं. शेजारणीने फुलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि फुलं कपाटावर ठेवत म्हणाली, "सहज आणली. ताजी मिळाली."

मग शेजारणीच्या पिशवीतून वर्तमानपत्र निघालं. आईने ते डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचलं.

"मी गेले ते असू दे," ती मुलाला म्हणाली. "मशीन तेवढी उद्या परत आण. ताईच्या पडद्यांचं काम घेऊन आलेय."

चष्मेवाले संग्रहपालांकडे गेले. संग्रहपालांनी त्यांना अदबीने बसवलं आणि अदबीनेच नाही म्हटलं. "वस्तू एकदा नोंदली की मंडळाच्या ठरावाशिवाय हलवता येत नाही, साहेब."

"अहो, मंडळ म्हणजे मीच ना."

"सगळे मिळून तुम्ही मंडळ. एकटे आलात की तुम्ही प्रेक्षक. तिकीट घ्यायला लावलं नाही, ते माझ्याकडून."

सभेपुढे विषय आला. सगळ्यांना अतिशय वाईट वाटलं. वकीलबाईंनी नियमावली उघडली. वस्तू संग्रहातून काढायची तर ती नकली, निकामी किंवा जादा असली पाहिजे. उपसमिती दालनात गेली, मशीनभोवती दोनदा फिरली आणि मशीन अस्सल असल्याचा निर्वाळा देऊन आली. निकामी म्हणावं तर चाक बोटाने ढकललं तरी फिरत होतं. आईने तेलपाणी वेळच्या वेळी केलं होतं, तो दोष तिचाच. राहिलं जादा. चष्मेवाल्यांनी जुन्या बाजारात हिंडून अगदी तशीच दुसरी मशीन मिळवली आणि संग्रहालयाला देऊन टाकली. मंडळाने त्यांचे आभार मानले आणि दोन्ही मशिनींची 'दुर्मीळ जोडी' अशी नोंद केली. जोडी फोडायला नियमावलीत सक्त मनाई होती.

"उसनी द्या," चष्मेवाले म्हणाले.

"देता येते," वकीलबाई म्हणाल्या. "पण संस्थेला. तिथे पहारेकरी हवा, आग विझवायचं नळकांडं हवं, गणवेश हवा."

हे घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "पहारा मी करते की." पहारेकऱ्यापेक्षा ती कडक होती यात शंका नव्हती, पण गणवेशाचं जमेना.

आई हे सगळं ऐकत होती. "त्यांना काय हवंय?" तिने विचारलं. "मशीन तिथंच राहायला हवीय ना? राहू दे. मीच जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसायची उशी, दोऱ्याचा डबा आणि ताईचे पडदे घेऊन संग्रहालयात गेली. ज्येष्ठांचं सवलतीचं तिकीट काढलं, 'कालचं घर' शोधलं, दोरी वर करून आत शिरली आणि दोहोंपैकी आपली मशीन कोणती ते ओळखून बसली. पहारेकरी धावत आला.

"आजी, वस्तूंना हात लावायचा नाही."

"हात कुठे लावतेय. ही पायाने चालते."

पहारेकऱ्याने भिंतीवरची सूचना पुन्हा वाचली. तिथे फक्त हाताचाच उल्लेख होता. तो संग्रहपालांना विचारायला गेला, संग्रहपालांनी अध्यक्षांना फोन लावला, आणि तोवर पहिल्या पडद्याची दुमड शिवून झाली होती.

तातडीची सभा भरली. विषय: दालनात बसलेल्या बाईंचं काय करायचं. प्रेक्षक म्हणावं तर प्रेक्षकाने बघून पुढे सरकायचं असतं. कर्मचारी म्हणावं तर निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलेलं. हाकलून द्यावं तर त्या एका सन्माननीय सदस्याच्या मातोश्री, आणि त्यांच्यासाठी सगळं मंडळ एकदा उभंही राहिलेलं.

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्या मशीनचा भाग आहेत असं धरलं तर?"

"माणसाची नोंद करायची?" अध्यक्षांनी विचारलं.

"माणसाची नाहीच. मशीनच्या नोंदीत फक्त दुरुस्ती. 'शिलाई यंत्र' असं आहे, तिथे 'यंत्र, चालकासह' करायचं."

चष्मेवाल्यांनाही हात वर करावा लागला. नोंद झाली तर आईला निदान पंखा मिळेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. ठराव एकमताने पास झाला.

आता नोंद झाली म्हटल्यावर नियम लागू झाले. रोज सकाळी वस्तूंवरची धूळ झटकायची असा नियम होता. पहारेकरी मऊ ब्रश घेऊन आला. आईने तो काढून घेतला आणि त्याच्याच टोपीवरून फिरवून परत दिला. जुन्या वस्तूंवर मंद उजेड असावा असा दुसरा नियम. आई म्हणाली, अंधारात सुई बोटात गेली तर रक्त तुमच्या जमिनीवर सांडेल. दिवा बदलला. दालनात खाण्यापिण्यास मनाई होती, पण यंत्राच्या देखभालीला तरतूद होती. म्हणून तिचा दोन वेळचा चहा 'वंगण' या सदरात मंजूर झाला. संध्याकाळी घरी कसं जायचं हा पेच मात्र मोठा होता. शेवटी सून रोज दाराशी येऊन 'किरकोळ दुरुस्तीसाठी बाहेर' अशी सही करी आणि सासूला घेऊन जाई. सकाळी 'दुरुस्त होऊन परत' अशी सही होई. अशा सह्या करता करता दोघींचं रस्त्याने बोलणं वाढलं. बोलणं बहुतेक मंडळाबद्दलच असे, आणि दोघींना हसू आवरत नसे.

मशीनच्या आवाजाने लोक येऊ लागले. त्या इमारतीत याआधी काही चालताना कोणी पाहिलं नव्हतं. एकाच्या पिशवीचा बंद तुटला होता, तो तिने जाता जाता शिवून दिला. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला आणि बायको उसवलेले अभ्रे घेऊन आली. मग रांगच लागली. लोक तिकीट काढत, आपली पाळी येईपर्यंत नाइलाजाने इतर दालनं बघत आणि मग आजींपुढे उभे राहत. आजी टीप मारता मारता प्रत्येकाची चौकशी करी.

वार्षिक अहवालात प्रेक्षकसंख्येतल्या वाढीचं श्रेय मंडळाच्या दूरदृष्टीला देण्यात आलं. पुढच्या आराखड्यात 'सजीव दालनं' हे धोरण आलं. धोरण मंजूर होताच अध्यक्ष खाकरले.

"आमचे वडील घरी दिवसभर नुसते बसून असतात," ते म्हणाले. "खुर्च्या छान विणायचे. इथे त्यांचा वेळही जाईल."

"सासऱ्यांचं घड्याळ इथे आहेच," वकीलबाई म्हणाल्या. "किल्ली त्यांच्याशिवाय कोणाला देता येत नाही. आणि सासरेही तसे मोकळेच आहेत."

त्या सभेत चर्चा थोडी आणि एकमत पुष्कळ झालं.

चष्मेवाल्यांचं मात्र वेगळंच होतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता दिसे आणि घरी शांत वाटे, ते आता त्यांना आवडेनासं झालं होतं. त्यांनी मंडळात पाठपुरावा सुरू केला. अर्ज केले, वकीलबाईंच्या घरी खेपा घातल्या, अध्यक्षांना नवा चष्मा भेट दिला. अखेर ठराव मिळाला: दिलेली वस्तू, चालकासह वा चालकाविना, देणाऱ्याने मागितली तर विनाअट परत करावी. तो कागद घेऊन ते दालनात गेले. आई एका फ्रॉकचा घेर शिवत होती.

"चल घरी," ते म्हणाले. "मशीनसकट. सुटलीस."

"घरी काय करू?"

"शिव की."

"कुणाचं? तुमच्याकडे उसवलं की टाकून देता." तिने चाक थांबवलं. "आणि आवाज होतो म्हणून तू दार लावून घेतोस. इथे बघ, दारं काढून ठेवलीत."

चष्मेवाल्यांनी कागद तिच्यापुढे धरला. मागे रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "साहेब, पाळीने या."

"आलाच आहेस तर एवढा दोरा ओवून दे," आई म्हणाली. "हल्ली सुईचं भोक दिसतच नाही मला."

त्यांनी दोरा ओवला. तिचा चष्मा हातात घेतला आणि काचेतून खिडकीकडे पाहिलं. काचांवर ओरखडे होते, एका दांडीला दोरा गुंडाळलेला होता, आणि नंबर कधीचा होता कोण जाणे. साऱ्या गावाचे नंबर त्यांनी काढले होते. हिने कधी मागितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी ते दुकानातला तक्ता काढून घेऊन आले, अध्यक्षांच्या काठीच्या काचपेटीवर टेकवून ठेवला आणि रांग थांबवून आईचे डोळे तपासले. पहारेकऱ्यानेही हळूच आपले तपासून घेतले. तेव्हापासून चष्मेवाले दुपारी दुकान बंद करून दोरा ओवायला येतात. संग्रहपालांनी त्यांची अजून नोंद केलेली नाही, पण विषय पुढच्या सभेपुढे आहे.

संग्रहालयाचा कारभार आता सुरळीत चालला आहे. तळमजल्यावर दोन खिडक्या उघडल्या आहेत. एका खिडकीवर घरातली जुनी माणसं वस्तूसह स्वीकारली जातात. वस्तू नसेल तरी चालते, ती संग्रहालयातून मिळते. दुसऱ्या खिडकीवर ती माणसं परत मिळतात, नुसत्या मागणीवर. दुसऱ्या खिडकीतला कारकून वेळेवर येतो, काच पुसतो आणि दिवसभर पेन्सिलींना टोक करत बसतो. पहिलीसमोरची रांग मात्र फाटकाबाहेर जाते. परवा त्या रांगेत तुम्हालाही पाहिल्याचं कोणी सांगत होतं. आम्ही म्हटलं, छे, ते नुसती चौकशी करायला गेले असतील.