तीन प्रतींतली वेबसाइट

कोणतीही वस्तू खरोखर आहे असे म्हणायचे, तर तिच्या तीन प्रती निघाल्या पाहिजेत. एक आपल्याकडे, एक समोरच्याकडे आणि एक फाइलीत. ज्याच्या तीन प्रती निघत नाहीत असे या जगात फार थोडे आहे (ईश्वर, वारा आणि नवऱ्याचे म्हणणे), आणि त्यावर सरकारदरबारी आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. २००४ सालच्या अखेरीस चेन्नईच्या अण्णा नगरात या यादीत चौथ्या वस्तूची भर पडण्याचा प्रसंग आला होता. ती वस्तू म्हणजे वेबसाइट. प्रसंग वेळीच टळला, त्याची ही हकिकत.

दक्षिणदेशीय मराठी स्नेहसंवर्धिनी सभेचे सभासद दोनशे बारा. त्यांतले निम्मे तंजावरकडचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. उरलेले निम्मे नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेले आणि निवृत्तीनंतर परत जायचे राहून गेलेले. पहिले दुसऱ्यांच्या मराठीला पेपरातली मराठी म्हणतात. दुसरे पहिल्यांच्या मराठीला काहीच म्हणत नाहीत, कारण ती त्यांना अर्धीच कळते. बाकी सलोखा उत्तम. शेजारच्या गल्लीतल्या तेलुगू मंडळाची वेबसाइट निघाल्याचे कळताच सभेने आपलीही असावी असा ठराव केला. ती कशासाठी असावी, हा मुद्दा वेळेअभावी पुढील बैठकीवर ढकलण्यात आला.

काम मिळाले नारायणस्वामींच्या कंपनीला. कंपनी म्हणजे दातांच्या दवाखान्यावरचा मजला, नऊ संगणक आणि आठ खुर्च्या. नारायणस्वामींनी ते काम गिरीधरला दिले, कारण तो घरी मराठी बोलतो अशी त्यांची समजूत होती. (गिरीधर तांबरमला आईबरोबर राहत असे. आई तंजावरी मराठीत बोले, तो तमिळमध्ये उत्तर देई. दोघांचे छान जमे.) गिरीधर वेब डेव्हलपर होता, पण उमेदवारीवरचा. सहा महिन्यांची उमेदवारी एकदा वाढवून झाली होती. आता नारायणस्वामींनी त्याला समोर बसवून, कॉफी पाजून, अतिशय प्रेमाने सांगितले की ३१ मार्चपर्यंत गिऱ्हाइकाची मंजुरीची सही आणलीस तर तू कायम. नाही आणलीस तर एक एप्रिलपासून येण्याची तसदी घेऊ नकोस.

वेब डेव्हलपरचे काम समजायला अगदी सोपे आहे. त्याने पाने लिहून तयार ठेवायची. वाचणाऱ्याने निळ्या, अधोरेखित शब्दावर दाबले की त्याला हवे ते पान पुढे करायचे. असेल तर चटकन द्यायचे, नसेल तर नाही म्हणून सांगायचे, आणि दहा जणांनी एकदम मागितले तरी चिडायचे नाही. हे सगळे यंत्राकडून करून घ्यायला ज्ञान लागते. गिरीधरकडे ते होते. जानेवारीतल्या एका गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता, तेवीस पानांची वेबसाइट कंपनीच्या एकुलत्या एका लॅपटॉपात घालून तो सभेच्या कार्यालयात हजर झाला.

सभेचे चिटणीस दत्ताजीराव, तंजावरकडचे. रेल्वेच्या कचेरीत अडतीस वर्षे नोकरी, एकही कागद गहाळ नाही. त्यांनी पडदा आदराने न्याहाळला, वेबसाइट सुंदर असल्याचे सांगितले आणि खिशातले पेन काढून सही कोठे करायची ते विचारले. गिरीधरने लॅपटॉप वेळीच मागे ओढला. पडद्यावर सही चालत नाही हे कळल्यावर दत्ताजीराव गंभीर झाले. ज्यावर सही करता येत नाही ते मंजूर कसे करणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

"प्रती आण रे तंबी," ते धाकट्या भावाला हाक मारावी तसे, तमिळ वळणाने म्हणाले. "तीन."

पुढच्या गुरुवारी गिरीधरने वेबसाइट कागदावर आणली. तेवीस पाने, तीन प्रती, एकूण एकोणसत्तर कागद, फाइलीला टॅग. पहिल्याच पानावर अडचण आली. पडद्यावर स्वागताची एक ओळ उजवीकडून डावीकडे धावत असे. कागदावर ती उभी राहिली. धावणारी ओळ मंजूर करायची तर ती धावताना दिसली पाहिजे, हेही बिनतोड होते. गिरीधरने कागदाला दोन चिरा दिल्या, लांब पट्टीवर ती ओळ लिहिली आणि एका चिरेतून घालून दुसऱ्या चिरेतून हळूहळू ओढली. दत्ताजीरावांनी मान डोलावून समासात 'धावते' अशी नोंद केली.

मग त्यांनी 'कार्यकारिणी' या निळ्या शब्दावर बोट ठेवले आणि हा निळा का, म्हणून विचारले. गिरीधरने सांगितले की दाबले की ते पान येते. दत्ताजीरावांनी दाबले. पान आले नाही. ते थांबले. रेल्वेत हयात गेलेल्या माणसाला थांबण्याचे वावडे नसते. अर्ध्या मिनिटानंतर गिरीधरलाच राहवेना. त्याने गठ्ठ्यातून सातवे पान शोधून त्यांच्यापुढे ठेवले.

"सरी," दत्ताजीरावांनी तमिळमध्ये होकार दिला. "आतां समजलें. सोय उत्तम आहे."

इथून कामाला खरी गती आली. दर गुरुवारी पाच वाजता वेबसाइटची तपासणी होऊ लागली. तपासणीला तिघे असत: दत्ताजीराव, संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून निवृत्त झालेले हंबीरराव, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या प्रमोदिनीबाई. ते टेबलापाशी बसून दाबत, गिरीधर पाने पुरवी. हंबीररावांनी घड्याळ लावून पाहिले तेव्हा एका पानाला चाळीस सेकंद लागत होते. हे खपवून घेण्यासारखे नाही असे त्यांनी कारखान्याच्या भाषेत सांगितले. गिरीधरने विचार केला. जी पाने वारंवार मागितली जातात ती हाताशी ठेवावीत, बाकीची कपाटात. हे तत्त्व त्याने पुस्तकात वाचले होते, पण गुडघ्यांना पटले ते इथे. तिसऱ्या आठवड्यात वेळ अकरा सेकंदांवर आला, सहाव्यात चारवर. (त्या काळी इथल्या घरांत टेलिफोनच्या तारेवरून एक पान यायला मिनिटभर लागे. म्हणजे कागदी वेबसाइट इंटरनेटच्या पंधरापट वेगवान होती. या कामगिरीची दखल परदेशात कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.)

अडथळे आले, पण शास्त्राला धरूनच आले. एकदा तिघांनी एकदम दाबले आणि यंत्रणा बंद पडली, म्हणजे गिरीधर खाली बसला. त्याला कॉफी दिल्यावर ती पुन्हा सुरू झाली. एकदा खाद्यपदार्थांचे पान मिळेना. प्रमोदिनीबाई ते नणंदेला दाखवायला घरी घेऊन गेल्या होत्या. गिरीधरने नियमाप्रमाणे कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत '४०४' आणि खाली 'हे पान सापडत नाही' असे लिहून पुढे केले. सबंध वेबसाइटमधले हे पान सर्वांत सुटसुटीत असल्याचे मत पडले. फक्त सभासद दोनशे बारा असताना हे चारशे चार नंबरचे गृहस्थ कोण, अशी हंबीररावांची हरकत नोंदवून घेण्यात आली.

सभासदांसाठी राखीव असलेले पान सांकेतिक शब्द सांगितल्याशिवाय द्यायचे नसते. हंबीरराव शब्द विसरले. अशा वेळी ओळख पटवायला एक प्रश्न विचारायचा असतो. गिरीधरने त्यांच्या पहिल्या शाळेचे नाव विचारले. उत्तराला चाळीस मिनिटे लागली. त्यात शाळा, शाळेची विहीर, विहिरीत पडलेले मास्तर आणि हंबीररावांचे वारलेले धाकटे बंधू एवढे आले. शाळेचे नाव आले नाही. ओळख मात्र पटली.

फेब्रुवारीत प्रमोदिनीबाईंनी गणेशोत्सवाच्या जुन्या फोटोवर बोट दाबले आणि वाट पाहत बसल्या. इथे लिंक नाही, ते नुसतेच चित्र आहे, असे गिरीधर म्हणाला.

"नुसतंच कसं?" त्या म्हणाल्या. "निधी आहे ती, माझी मुलगी. न्यू जर्सीला गेली नाही का? मग दाबलं की तिथे जायला नको?"

यावर तांत्रिक उत्तर होते. गिरीधरने ते दिले नाही. तो खुर्ची ओढून बसला आणि निधी कधी गेली, ते त्याने विचारले. त्या दिवशी उरलेली अकरा पाने तपासायची राहिली.

दुरुस्त्या मात्र काही केल्या संपेनात. तिसऱ्या आठवड्यात केशरी रंग बदलून निळा करायला सांगितला. पाचव्यात निळा बदलून केशरी. आठव्यात केशरीच, पण निळ्यासारखा थंड. एक स्वल्पविराम चार वेळा आला आणि पाच वेळा गेला (हे कसे जमले ते हंबीररावांनाच ठाऊक). एकूण दुरुस्त्या फेब्रुवारीअखेर एकसष्ट, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एकशे अठरा. दर गुरुवारी निघताना गिरीधर सहीचा विषय काढी, आणि दर गुरुवारी दत्ताजीराव म्हणत, पुढच्या खेपेला पाहू. तांबरमच्या गाडीत फाइल मांडीवर घेऊन तो दिवस मोजी. घरी आई विचारी, कायम झालास का रे. तो तमिळमध्ये हो-नाहीच्या मधले काहीतरी सांगे.

शेवटचा गुरुवार नेमका ३१ मार्चलाच आला. कारभार पारदर्शक असावा म्हणून सभेची इतिवृत्तेही वेबसाइटवर घालायची होती. दत्ताजीरावांनी इतिवृत्ताची वही गिरीधरच्या हाती दिली आणि ते कॉफी सांगायला आत गेले. गिरीधरने वही उघडली. चोवीस जानेवारीच्या बैठकीत, फाटकाला तेल घालण्याच्या आणि एका सभासदाच्या नातवाचे अभिनंदन करण्याच्या ठरावांमध्ये, स्वच्छ अक्षरांत लिहिले होते:

'ठराव क्र. ९. वेबसाइट पूर्ण झाल्यास चि. गिरीधर याचे येणे बंद होईल, ही अडचण श्री. हंबीरराव यांनी निदर्शनास आणली. सबब, पुरेशा दुरुस्त्या शोधत राहण्यासाठी तीन सदस्यांची उपसमिती नेमण्यात यावी. सूचक: सौ. प्रमोदिनीबाई. एकमताने मंजूर.'

कटाची नोंद कोणी करत नाही. पण अडतीस वर्षे एकही कागद गहाळ न केलेल्या माणसाला झालेली गोष्ट न लिहिणे जमत नाही, आणि लिहिलेली लपवणे तर त्याहून नाही.

गिरीधरने वही मिटली. उपसमिती येऊन बसली. हंबीररावांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले. त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवण्याआधीच गिरीधर म्हणाला, "मामा, आज सही नाही झाली तर उद्यापासून मला नोकरी नाही."

हंबीररावांनी टेबलावरचे घड्याळ उचलून खिशात घातले.

"हें पहिलें कां सांगिटला नाहींस?" दत्ताजीराव म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत, मामा."

हे खरे होते. दहा-अकरा आठवड्यांत तिघांनी मिळून त्याला तीनशेहून अधिक पाने मागितली होती, पण हा प्रश्न कोणत्याच पानावर नव्हता. प्रमोदिनीबाई हंबीररावांकडे पाहून म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, पोराला काही अडचण आहे का बघा." हंबीररावांनी ती सूचना आपल्याला आठवत नसल्याचे सांगितले. मग तिथल्या तिथे तातडीची बैठक बोलावण्यात आली, कारण ठराव क्रमांक नऊ रद्द झाल्याशिवाय सही करणे बेकायदा ठरले असते. बैठकीला सव्वा मिनिट लागले. सभेच्या इतिहासात एवढे जलद काही झालेले नाही.

दत्ताजीरावांनी अडुसष्ट कागदांवर सह्या केल्या. शेवटच्या कागदाशी पेन थांबले.

"आतां आम्हीं ही वेबसाइट पाहायची कशी?"

"कधीही पाहा, मामा. चोवीस तास उघडी असते."

"चोवीस तास तेथें कोण बसणार?"

"कोणी नाही."

"कोणीच इल्ले?" दत्ताजीरावांनी त्याच्याकडे पाहिले. "मग ती उघडी ठेवून उपेग काय?" असे म्हणून त्यांनी सही केली आणि तारीख घातली.

एक एप्रिलला वेबसाइट जगासाठी खुली झाली आणि गिरीधर कायम झाला. नारायणस्वामींनी त्याला नववी खुर्ची घेऊन दिली आणि एका पोलाद व्यापाऱ्याचे काम सोपवले. यशाबद्दल आकडेच बोलतात. पहिल्या महिन्यात वेबसाइटला ३१६ भेटी झाल्या: न्यू जर्सी, सिंगापूर, बंगळूर, जिथे जिथे सभासदांची मुले आहेत तिथून. सरासरी मुक्काम एक्केचाळीस सेकंद. अभिप्रायाच्या पानावर निधीने लिहिले की ही फारच छान सोय झाली, आता आईचं सगळं इथूनच दिसतं, दर रविवारी फोन करून विचारावं लागत नाही. सभेने तिच्या आभाराचा ठराव केला. अण्णा नगरातून आठवड्याला एकच भेट नोंदली जाते, गुरुवारी पाच वाजता, दातांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावरून. ती गिरीधरची. जवळच असूनही चालत जावे लागत नाही, कॉफीला थांबावे लागत नाही, आणि भेट दिल्याचे समाधान चार सेकंदांत मिळते.

हे वाचून ज्यांना त्या तिघा वृद्धांची गंमत वाटली असेल त्यांनी एक करावे. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना 'फोटोंची लिंक पाठवलीय, दाबून बघा' असे सांगून आपण शेवटचा फोन कधी ठेवला, ते आठवून पाहावे. तारीख आठवत नसेल तर काळजीचे कारण नाही. त्यांनी ती लिहून ठेवलेली आहे.