आधी आ करा

गंगाक्काच्या घरी गेलं की पाणी नंतर मिळायचं, आधी तोंड उघडावं लागायचं. ती हनुवटीला धरून तुम्हाला उन्हाकडे वळवायची, चमच्याच्या दांडीनं जीभ दाबायची आणि घशात डोकावायची. समाधान झालं की म्हणायची, "बरं हाय. बसा आता."

बीदरजवळच्या जनवाड्याच्या मराठी शाळेत मी मास्तर आणि ती माझी शेजारीण. तिच्या तावडीतून कुणी सुटत नसे. बांगड्या विकायला येणाऱ्या मामूला ती "मूं खोलो" म्हणायची. एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, तर हिनं कन्नडात "बाय तेरीरी" म्हणून फर्मावलं. साहेबांनी बिचाऱ्यांनी सगळ्या वर्गासमोर आ केला. त्या दिवशी माझी तपासणी लवकर आटोपली.

तिला रोग दोनच ठाऊक होते, पण पक्के. एक घशातल्या गाठी, दुसरा घटसर्प. ज्वारी पाखडणाऱ्या बायका असोत की बोहल्यावर चढायला निघालेला नवरदेव, ती दोन्हींतला फरक ऐकवल्याशिवाय सोडत नसे. "गाठीत घसा लाल, वर पांढरे ठिपके. ताप फणफणतोय, लेकरू बोंबलतंय. घटसर्पात पांढरा पापुद्रा चिकटून बसतोय, ताप कोमट आन् लेकरू गप. गप लेकराला भ्यावं, गुरुजी." मी हो हो म्हणत सटकायचो.

तिची एक गोष्ट मात्र गावाला खटकायची. आमच्याकडे कुणाचाही घसा दुखला की पडजीभ पडली म्हणतात आणि एखादी जाणती बाई अंगठ्याला मीठ-हळद लावून ती वर दाबते. यात गंगाक्काचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. पण कैक वर्षांपूर्वी तिनं ते एकाएकी सोडलं. कुणी कितीही विनवलं तरी न्हाई म्हणजे न्हाई. बायका म्हणायच्या, लई शिष्ट झाली. मलाही तसंच वाटायचं.

माझी सहा वर्षांची सुधा दोन दिवस जेवेना, तेव्हा आईनं माझ्यामागे लकडा लावला, अक्कालाच बोलाव. मी जाऊन हातापाया पडलो. अक्का आली, सुधाला दारातल्या उजेडात घेऊन तिचा घसा बघितला. मी आपलं सांगत होतो, मागे गाठी आल्या तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं, या खेपेला तापही फारसा नाही, पोरगी रडतही नाही, तेवढी पडजीभ उचला म्हणजे झालं. तिची इतकी व्याख्यानं ऐकूनही मी हे बोललो, याची मला आजही लाज वाटते.

"पांढरं पडजिभेवर चढायलंय, गुरुजी," ती म्हणाली. "बोट लावायचं न्हाई. बीदरला चला."

आई म्हणाली, आधी उचलून तर बघ. अक्कानं सुधाला खांद्यावर घेतलं आणि ती फाट्याकडे चालू लागली. बस खच्चून भरली होती, कंडक्टर घ्यायला तयार नव्हता. अक्का त्याला बाजूला सारून चढली आणि पुढच्या बाकावरच्या दोन धडधाकट गड्यांना तिनं उठवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी घटसर्पच सांगितला. सुधाला वेगळ्या खोलीत खाट दिली, लगेच इंजेक्शन टोचलं. पापुद्रा खरवडला नाही हे फार बरं केलं, असं ते मला म्हणाले. मी अक्काकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"माझ्या लेकीची, चंद्रीची पडजीभ मी उचलली होती," ती म्हणाली. "तीन दिवस. रगत यायलं तरी उचलली, मला वाटायलं गाठीच हाईत. चौथ्या दिवशी पाणी मागायली, तर घशाखाली उतरंना."

तिला शिष्ट म्हणणाऱ्यांत मीही होतो.

अक्का गावी गेलीच नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सुधाला पातळ अंबील द्यायला सांगितलं. अक्का तिला एकेक घोट पाजायची, गळ्याकडे बघत थांबायची आणि उतरला का म्हणून विचारायची. सुधा मान हलवायची. असं करत वाटी संपली. सुधानं अक्काचा पदर ओढला आणि बसक्या आवाजात तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं.

अक्का माझ्याकडे वळली. तिचे डोळे वाहत होते.

"गुरुजी," ती म्हणाली, "अजून मागायलीय."