शेलूबाजारची डबल बेल

ग्यानबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्याआधीच त्यांचा उजवा खांदा निवृत्त झाला होता. सांध्यातली गादी झिजून हाडावर हाड घासत होतं. शेवटी शेवटी घंटीची दोरी ते डाव्या हाताने ओढत, पण तो आवाज त्यांना कधी आपला वाटला नाही.

अकोल्याला सांधा बदलायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, चंपाबाईंनी, डॉक्टरांना विचारलं, "माळ्यावरचे डबे काढता येतीन ना यायले?" ग्यानबांना विचारायचं होतं भलतंच, पण साठी उलटलेल्या माणसाने डबल बेलचं कसं विचारावं?

ऑपरेशन झालं, महिनोन् महिने व्यायाम झाला. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी हात वर करून पाहिला आणि शाबासकी दिली. परतीच्या मंगरूळपीर गाडीत ग्यानबांना नेमकी दोरीखालची जागा मिळाली.

शेलूबाजारला चंपाबाई केळी घ्यायला उतरल्या. ग्यानबांनी वर पाहिलं. नुसती धरून पाहावी, म्हणून हात उचलला. तो न कुरकुरता वर गेला, बोटांनी दोरी धरली आणि पुढचं बोटांनी परस्परच उरकलं. टिंग टिंग.

गाडी निघाली. ग्यानबांनी डोळे मिटून घेतले. गाव मागे पडल्यावर शेजारची रिकामी जागा दिसली.

"थांबवा," ते पुटपुटले, "बायको राह्यली."

"कंडक्टर मॅडमले सांगा ना," मागचा माणूस म्हणाला. सगळ्यांनी गाडीभर पाहिलं. मॅडमही नव्हत्या. त्या शेलूबाजारलाच स्टँडवर नोंद करायला उतरल्या होत्या.

ग्यानबांनी मुकाट्याने थांबायचा एक ठोका दिला. ड्रायव्हर रतनसिंग गाडी थांबवून मागे वळला. "घंटी कोनं देल्ली?"

ग्यानबांनी नवा खांदा वर केला.

थोड्या वेळाने मागून दोघींना घेऊन जीप आली. कंडक्टर उज्ज्वला तणतणत चढली. "काका, घंटीले हात कायले लावला? माही नोकरी जाईन ना." कधीकाळी ग्यानबाही असेच बोलायचे.

चंपाबाई केळी सांभाळत शेजारी टेकल्या.

"तुले घंटी आयकू नाही आली?"

"आली ना. दारापाशीच होती मी."

"मंग हाक काहून नाही मारली?"

चंपाबाईंनी केळं सोलून त्यांच्या हातात दिलं. "मारली असती तं गाडी थांबली असती. किती वर्सानं तुमची घंटी आयकली. म्हटलं, जाऊ द्या जराशी."