सर्वांत शांत ग्रंथालय

एका जंगलात, बाळांनो, कायद्याचं राज्य होतं. म्हणजे वाघमहाराज कुणालाही खाण्याआधी रीतसर पाटी लावायचे. वाचता आली नाही, तर दोष तुमचा!

रेवती हरिणीचा नवरा असाच गेला. पाणवठ्यावर पाटी होती आणि तो बिचारा तिच्याच सावलीत पाणी पीत उभा राहिला. तेव्हापासून रेवतीनं ध्यासच घेतला, वाचायला शिकायचं. पदरात पाडस होतं, ते तरी जगायला हवं.

आणि काय सांगू, तेवढ्यात जंगलात ग्रंथालय निघालं! जगभर साक्षरतेचं वारं सुटलेलं, मग आपणच का मागे? ग्रंथपाल झाले बगळेसर. एका पायावर तासन् तास गप्प उभं राहण्याचा अनुभव दांडगा.

रेवती पाडसाला घेऊन पहिल्याच दिवशी हजर. अंकलिपी उघडून वाचू लागली, "क... म... ळ... कमळ!"

"शूऽऽ!" बगळेसर खेकसले. "इथं मनात वाचतात."

"सर, मनात वाचायला आधी तोंडानं यायला नको का?"

"ते बाहेरून शिकून या. ग्रंथालय वाचता येणाऱ्यांसाठी असतं."

घ्या! पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नका म्हणे. पण रेवती खमकी. तिनं एक फाटकी अंकलिपी मागून घेतली आणि बाहेर जांभळीखाली बसून घोकू लागली. बाकीचे प्राणी मात्र एक 'शूऽऽ' ऐकून जे पळाले, ते पुन्हा फिरकले नाहीत.

त्यामुळे झालं काय, जगातलं सर्वांत शांत ग्रंथालय म्हणून त्याला पारितोषिक मिळालं. सत्काराला सारं जंगल लोटलं. महाराज स्वतः यायचे होते. दारावर ताजी पाटी होती, बगळेसरांनीच लावलेली. ती सरळ लागली ना, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

रेवती दारातच थबकली. "स-भा... झा-ल्या-व-र... म-हा-रा-ज... स-ग-ळ्यां-ना... खा..."

"शूऽऽ!" बगळेसर आतून ओरडले.

"अहो, खा-ती-ल! सगळ्यांना खातील, असं लिहिलंय! पळा!"

"आली मोठी शहाणी!" अस्वलीण फणकारली. "चार अक्षरं काय आली, चांगल्या कार्याला गालबोट लावतेय." आणि सगळं जंगल एकसुरात म्हणालं, "शूऽऽ!"

रेवतीनं पाडसाला ढुशी दिली आणि दोघं जीव घेऊन पळाली. वाटभर रडली हो ती.

सभा मात्र वेळेवर पार पडली. जेवणही. आता त्या ग्रंथालयात जी शांतता आहे, तशी जगात कुठेच नाही.

तात्पर्य : ग्रंथालयात मोठ्यानं वाचू नये. जेवणाऱ्यांचा खोळंबा होतो.